बेसच्या पेटीतली भणभण

सासू माझ्या बोलण्यानं मेली, हे आमच्या टोलीत, म्हणजे आमच्या वस्तीत, सगळ्यांना पाठ होतं. ठाऊक नव्हे, पाठ. मी काय बोलले, कुठं उभी राहून बोलले, तेव्हा माझा हात कमरेवर होता की नव्हता, हे शेजारची धुरपताबाई असं सांगायची जसं काही ती आमच्या चुलीपाशीच बसली होती. होती भिंतीच्या पलीकडे. पण माझा आवाज भिंतीनं अडत नाही, हे मीही कबूल करते.

तर बोलले काय, तेही ऐकून घ्या. गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, २००८ सालचा मे महिना, भर दुपार. माझी सासू कुसुमबाई, तिला मी आत्याबाई म्हणायची, ती म्हणाली, "खुशबू, बोरिंगवरून पानी आन." बोरिंग म्हणजे आमच्या अंगणाच्या कडेला असलेला हातपंप. सगळी टोली त्यावरच पाणी भरते.

मी म्हटलं, "माहे हात झिनझिन करते, आत्याबाई. दांडा धरला का खांद्यावरी मुंग्या येते."

"तुह्या अंगात रक्त नाई," ती म्हणाली. हे ती रोज म्हणायची. दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्या खाऊन खाऊन माझं तोंड कडू झालं होतं, पण मुंग्या काही जात नव्हत्या. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मंग तुमीच आना न! तुमच्या अंगात लय रक्त हाये!"

बस. एवढंच. आत्याबाईनं पाण्याची पितळी गुंडी उचलली आणि तणतणत निघाली, पायात चप्पलसुद्धा घातली नाही. थोड्या वेळानं गुंडी आपटल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर आत्याबाई बोरिंगच्या ओट्यावर पडलेली, एक हात अजून दांड्यालाच. मी धावणार तोच माझे सासरे भोजराज, म्हणजे मामाजी, गोठ्याकडून ओरडले, "खुशबू, तिथंच थांब! जाऊ नको!" आणि स्वतः तिच्याकडे न जाता घराच्या मागं पळाले. मला कळेचना, हे कुठं चालले. तेवढ्यात टोलीतली लाइट गेली, घरोघरचे कूलर बंद पडले, माणसं बाहेर आली. मग मामाजी पळत आले आणि त्यांनी आत्याबाईला उचललं. माणूस भांबावला की काहीही करतो, असं मी तेव्हा समजले.

दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. "दिल बसला," सगळे म्हणाले. आणि चालतं काळीज कशानं बंद पडलं, तर सुनेनं तोंड चालवलं म्हणून. माझा नवरा लोकेश, त्यानं मातीला आलेल्या सगळ्या माणसांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं मारला माह्या मायले." अहो, मी उभी होते तिथंच खाली बसले. ज्याच्यासाठी मी माहेर सोडून आले तो माणूस मला खुनी म्हणत होता, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझ्या! ज्या तोंडानं सासू मारली म्हणत होते, त्या तोंडातून साधा श्वास निघत नव्हता.

एकच माणूस माझ्या बाजूनं उभा राहिला. मामाजी. "पोरीची काई चूक नाई," ते ठणकावून म्हणाले. "बोलन्यानं कोनी मरत नाई." ज्याची बायको गेली तोच असं म्हणतो म्हटल्यावर लोक माझ्या तोंडावर गप्प बसले. मागं बसले नाहीत, ते सोडा. पुढं मी घरात होते तोवर मामाजींनी मला बोरिंगवर जाऊ दिलं नाही. शेतात चिखलात घालायचे रबरी बूट चढवायचे आणि स्वतः पाणी आणायचे. टोली हसायची, भोजराज सुनेचं पाणी भरतो म्हणून. मी स्वयंपाकखोलीत पदरात तोंड घालून रडायची, की देवमाणूस म्हणतात तो हाच. लोकेश मात्र माझ्याशी बोलेना. माझ्या हातचं ताट सरकवायचा. शेवटी मी माहेरी, नवेगाव बांधला, निघून गेले. तिथंही मामाजी एसटीनं यायचे, आंबे घेऊन, माझी चौकशी करायला. माझी आई म्हणायची, "असा सासरा नशिबानं भेटते व बाई."

पुढच्या वर्षी आत्याबाईचा पहिला स्मृतिदिन आला. मामाजी स्वतः मला घ्यायला आले. "चाल पोरी," म्हणाले. "सगळे सोयरे येतीन. त्याईच्यासमोर लोकेशनं तुले घरात घेतला का झाला. नाई घेतला तं कायमचा तुटला." हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मला माहीत होतं, टोलीला माहीत होतं, लोकेशलाही माहीत होतं. मी पिशवी भरली आणि आले. दाराशी लोकेश उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी ओसरीतच पिशवी ठेवली.

ऊन उतरल्यावर कार्यक्रम होता. अंगणात मांडव टाकलेला, टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला आत्याबाईचा फोटो. आधी वंदना, मग गाणी. लोकेश राजदीपच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवतो. राजदीप गाणारा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, विहाराजवळ. बेसची पेटी, म्हणजे आवाज मोठा करायचा तो जड काळा अॅम्प्लिफायर, नेहमी राजदीपच्याच घरी असायची. आमच्या अंगणात ती पहिल्यांदाच आली. आपल्या मायच्या फोटोसमोर आपण वाजवायचं, असं लोकेशनं मनात घेतलेलं. त्याचं मायवर खरंच प्रेम होतं, त्यात मला काही बोलायचं नाही.

दुपारी त्यानं पेटीची पिन बोर्डात घातली, खटका दाबला, आणि पेटी भणभणायला लागली.

थोडीथोडकी नाही हो. टिनाच्या डब्यात गांधीलमाशा कोंडल्यासारखी. लोकेशनं तारांवर हात ठेवला तर जरा कमी झाली, हात काढला की पुन्हा सुरू. त्यानं गिटारची वायर बदलली. भणभण तशीच. वायर काढूनच टाकली, नुसती पेटी चालू ठेवली. तरी भणभण. आवाजाची सगळी बटणं शून्यावर आणली. पेटीला काही शरम नाही, आपली भणभणतेच आहे. राजदीप बरीच वर्षं गोंदियात राहिलेला, त्याच्या तोंडात अर्धी हिंदी. तो म्हणाला, "यार, पेटी खराब झाली का बे? कल तक तो मस्त चल रही थी."

दोघांनी पेटी मोटरसायकलवर बांधून राजदीपच्या घरी नेली. तिकडची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, वेगळी, लाइट वेगळी. तिथं लावली तर चूप. शहाण्या बाळासारखी चूप. परत आणली, आमच्या बोर्डात लावली, की भणभण!

"पेटी बराबर हाये," राजदीप म्हणाला. "तुमच्या घरच्या अर्थिंगचा लफडा हाये."

"अर्थिंग?" लोकेश भडकला. "अर्थिंग बाबानं सोता केली हाये. अख्ख्या टोलीले पूछ."

ते खरंच होतं. काही वर्षांपूर्वी वादळात आमच्या बाजूची खांबावरची एक तार तुटली होती. दिवा लावला तर काजव्याएवढा उजेड, पंखा फिरता फिरेना. तेव्हा मामाजींनीच काहीतरी जुगाड करून टोलीची लाइट चालू केली. काय केलं ते कोणी विचारलं नाही. घराच्या मागच्या भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकली होती, सगळ्या घरांच्या तारा तिथं येत. लोक त्यांना इंजिनियर म्हणायचे, लग्नात पहिला मान द्यायचे. मामाजींनाही ते आवडायचं.

सोयरे यायला लागले होते. मांडवात बायका बसलेल्या, आणि पेटी भणभण करते आहे. लोकेशचा घाम निथळत होता. अशा वेळी त्याची नजर माझ्यावर पडली. आणि त्यानं काय म्हणावं?

"हिचा पाय पडला घरात, अन् पेटी बोंबलाले लागली."

बायका हसल्या. धुरपताबाई तर पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, धरणी फाटून मी आत जावं. सासू मेली तर मी. पेटी वाजली तरी मी! उद्या गाईनं दूध दिलं नाही तर तेही माझ्याच कपाळी येईल. माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा. माह्या पायानं बोंबलते म्हंता न? मीच पाहातो कायनं बोंबलते ते!" रागात मी अशीच पुरुषासारखी बोलते.

आणि सरळ जाऊन पेटीला कान लावून बसले. लोकेश म्हणाला, "हिले काय समजते?" काही समजत नव्हतं, पण उठणारही नव्हते.

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. भणभण सारखी नव्हती. मधेच ती करकर करायची, जसं कोणी गोणपाट फाडतंय. कर्र… कर्र… कर्र… मग थांबायची, नुसती भणभण उरायची. मग पुन्हा कर्र… कर्र… एका ठेक्यात. आणि तो ठेका मला ओळखीचा वाटला. मी मान वर केली. बाहेर बोरिंगचा दांडा वाजत होता. खटांग… खटांग… खटांग.

मी उठून मांडवाबाहेर आले. धुरपताबाई मांडवातून उठून सोयऱ्यांसाठी पाणी भरायला गेली होती. दांड्याला तिनं पदर गुंडाळलेला.

"बाई, जरा थांब," मी म्हटलं. ती थांबली. आत करकर थांबली.

"आता मार." खटांग. कर्र.

"थांब." चूप.

"अव, पागल झाली का तू?" धुरपताबाई म्हणाली.

मी विचारलं, "दांड्याले पदर काऊन गुंडाळला व?"

"मुंग्या येते न हाताले. उन्हाऱ्यात जास्त येते. सगळ्याच बाया गुंडाळते."

सगळ्याच बायका! म्हणजे माझ्या एकटीच्या अंगात रक्त कमी नव्हतं. आख्ख्या टोलीच्या बायांना मुंग्या येत होत्या, प्रत्येकीनं आपापला पदर गुंडाळला होता, आणि एकीनंही दुसरीला विचारलं नव्हतं. मी ओरडले, "लोकेश! राजदीपभाऊ! इकडं या!"

लोकेश वैतागून आला. मी धुरपताबाईला दांडा मारायला लावला, राजदीपला पेटीशी उभं केलं. दांडा हलला की करकर, थांबला की बंद. राजदीपचा चेहरा उतरला. तो आत गेला, टेस्टर घेऊन आला आणि त्याचं टोक बोरिंगच्या दांड्याला लावलं.

टेस्टरचा दिवा लागला.

दिवसाउजेडी, मांडवात आत्याबाईचा फोटो, आणि बोरिंगच्या दांड्याला लावलेल्या टेस्टरमध्ये लाल दिवा. धुरपताबाईच्या हातून पदर सुटला, ती मागं सरकली ती थेट भिंतीला जाऊन टेकली. "अवो माय वो," एवढंच म्हणाली. मी लोकेशकडे पाहिलं. तो टेस्टरकडे पाहत होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि ते मिटत नव्हतं.

"बोरिंगमंदी करंट हाये," राजदीप हळूच म्हणाला. "कुठून आला बे हा?"

लोकेश बोरिंगच्या बुडाशी बसला. ओट्याच्या कडेला माती लिंपलेली होती, त्यावर दगड. त्यानं दगड काढले. काडीनं माती खरडली. आत काळी तार. बोरिंगच्या लोखंडी नळीला गुंडाळलेली, वरचं रबर सोललेलं, गुंडाळी ढिली झालेली. दांडा मारला की नळी हलायची आणि तार ठिणगी टाकायची. तीच करकर पेटीत ऐकू येत होती. तार मातीखालून भिंतीकडं गेली होती, भिंतीच्या कडेनं घराच्या मागं, त्या फळीकडं. खांबावरची परतीची तार तुटली म्हणून टोलीच्या सगळ्या घरांतली लाइट परत जायला ही वाट केलेली. दिवे, पंखे, टीव्ही, कूलर, सगळ्यांचा करंट या नळीतून जमिनीत जात होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, वरून सगळ्यांचे कूलर लागले, की तो जमिनीत नीट जिरायचा नाही. मग दांडा धरणाऱ्याच्या अंगातून वाट काढायचा.

लोकेशनं उघड्या तारेकडे बोट नेलं.

"हात नोको लावू!"

मामाजी होते. मांडवाच्या दारात उभे, हातात हारांची पिशवी, पायात पाणी भरायचे तेच रबरी बूट. त्यांनी अजून तार पाहिलीच नव्हती. ते इतके दूर होते की पाहणं शक्यच नव्हतं. लोकेश बोरिंगच्या बुडाशी वाकलेला, एवढंच त्यांना दिसलं, आणि तेवढ्यावरून ते ओरडले.

मग माझ्या डोक्यात एकेक करून सगळं बसत गेलं, आणि मला वाटलं, थांबावं, पुढं काही समजू नये. "तिथंच थांब, जाऊ नको!" मला अडवलं होतं ते. बायकोकडे न जाता घराच्या मागं पळाले होते ते. त्याच क्षणी टोलीची लाइट गेली होती ती. तार उपटली होती मामाजींनी! आधी तार, मग बायको. भांबावलेला माणूस असं नाही करत हो. ज्याला माहीत आहे तोच असं करतो. आणि पुढं माझं पाणी भरलं, रबरी बूट घालून. आणि सगळ्या दुनियेसमोर ठणकावून सांगितलं की पोरीची काही चूक नाही. बरोबरच आहे! त्यांच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार?

मी म्हटलं, "मामाजी, तुमाले मालूम होता."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. आमच्या जवळ आले. "हळू बोल पोरी," म्हणाले.

"त्या दिवशी आत्याबाईकडं न जाता मागं काऊन पळाले?"



लोकेशनं विचारलं, "बाबा, ते तार तुमी काढली होती? मंग परत कोनं जोडली?"

मामाजी ओट्याच्या कडेला बसले. मग म्हणाले, "मानसं आली होती मातीले. सांज झाली होती. अंदार कसा ठेवाचा? उजेड लागत होता." मग म्हणाले, "मंग वाटला, एक-दोन दिवसांत काढून टाकू. पन काढली असती तं टोलीनं पुसला असता, काऊन काढली म्हून."

आत्याबाईला ओसरीत ठेवलं होतं. तिच्या डोक्यापाशी बल्ब लावला होता, मला आठवतो तो. ज्या तारेनं ती मेली त्याच तारेवर तो बल्ब पेटला होता. मी भिंत धरून उभी राहिले.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नाही सांगत. "पोरी, मी तुले एका शब्दानं तरी बोल लावला का?"

"नाई लावला," मी म्हटलं. "पन मी खुनी नाई हे एकट्या तुमालेच मालूम होता, अन् तुमी मले नवेगावले आंबे आनून दिले."

राजदीपनं तोवर घराच्या मागं जाऊन फळीवरची तार बांबूच्या काठीनं ओढून काढली होती. पेटी बंद पडली. टोलीतले कूलर बंद पडले. लोकेशनं मला बाजूला घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा माझा हात धरला त्यानं.

"खुशबू," तो म्हणाला, "चुकलो मी. लय चुकलो. तू घरी ये. आजच, आत्ताच, सोयऱ्यांच्यासमोर मी तुले आत नेतो." आणि मग आवाज खाली करून, "पन हे बोरिंगचा टोलीत नोको सांगू. बाबा म्हातारे हाये. लोकं त्याईले उभे नाई करतीन. राजदीपले मी समजावतो, धुरपताबाईलेही समजावतो. करंट आजच उतरला म्हनू."

वर्षभर ज्या शब्दासाठी मी उशीत तोंड खुपसून रडले तो शब्द माझ्या हातात आला होता. घरी ये. किंमत एवढीच, की सासू मीच मारली. घरात राहायचं, स्वयंपाक करायचा, पोरं झाली तर वाढवायची, आणि मरेपर्यंत टोलीच्या तोंडी ते वाक्य माझं. तुमच्या अंगात लय रक्त हाये.

तेवढ्यात माणसं आलीच. लाइट गेली की आमच्या टोलीची माणसं भोजराजच्या दारात येतात, तशी सवयच होती. "काऊन गा भोजराज, लाइट कशी गेली?" मागून कोणीतरी बाई हसून म्हणाली, "खुशबू आली न, गेली लाइट!"

मी मामाजींकडे पाहिलं. मनातून म्हटलं, बोला. आता तुम्ही बोला. तुम्ही बोललात तर मी काही बोलणार नाही, जन्मभर तुमच्या पाया पडेन. ते ओट्यावर बसून जमिनीकडे पाहत होते.

मग मीच बोलले. "आत्याबाई माह्या बोलन्यानं नाई मेली. बोरिंगमंदी करंट हाये, त्यानं मेली. मामाजीनं टोलीची लाइट बोरिंगच्या नळीले बांधली हाये. ते मेली तेव्हा त्याईनं तार काढली, अन् त्याच सांजेले परत जोडली." एकेक शब्द नीट बोलले. माझा आवाज भिंतीनं अडत नाही म्हणतात ना, मग ऐका म्हटलं.

लोकेशनं डोळे मिटून घेतले. लोकांनी माझ्याकडून नजर काढली आणि मामाजींकडे पाहिलं. मामाजी उठून उभे राहिले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आणि म्हणाले,

"खोटा बोलून राहिली ते."

अहो, सगळ्या जगानं मला खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं. वर्षभर सगळ्या जगानं म्हटलंच होतं. पण हा माणूस! ह्याच्या एका शब्दावर मी वर्ष काढलं होतं. मामाजी पुढं बोलत होते, "बायकोचा दिल बसला, तुमी सगळ्याईनं पाह्यला. कोनीतरी आज तार टाकली असन. हिले आपल्या डोक्यावरचा बोल काढाचा हाये, म्हून..." लोक माना हलवायला लागले. त्यांचा इंजिनियर बोलत होता, आणि समोर तोंडाळ सून. कोणाचं ऐकतील, सांगा.

मी राजदीपला म्हटलं, "भाऊ, तार परत जोडा."

"भाभी..."

"जोडा म्हटला न!"

तो मागं गेला. क्षणभरात टोलीतले कूलर घुरघुरायला लागले, मांडवात पेटी भणभणायला लागली. माणसं चार पावलं मागं सरली.

मी म्हटलं, "मामाजी, मी खोटी हाये न? मंग बूट काढा, अन् बोरिंगचा दांडा धरा. एकदाच धरा. तुमी धरला तं मी आत्ताच्या आत्ता नवेगावले जातो, परत तोंड नाई दाखवत."

मामाजींनी बोरिंगकडे पाहिलं. सगळी टोली त्यांच्या हाताकडे पाहत होती. लोकेश म्हणाला, "बाबा, धरा न." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "बाबा, ते खोटी हाये म्हंता न. धरा."

मामाजींचा हात जरासा उचलला गेला. मग तो हात मांडीजवळ खाली आला आणि तिथंच राहिला. त्यांनी बूटही काढले नाहीत.

मी सुटले होते. कोणीही पुन्हा कधी माझ्याकडे बोट दाखवणार नव्हतं. आणि मला रडू आवरत नव्हतं, ते त्या माणसासाठी आवरत नव्हतं. लोकेश मांडवात गेला आणि पेटीची पिन बोर्डातून ओढून काढली. धुरपताबाईनं अंगणात खेळणाऱ्या आपल्या नातीला उचलून कडेवर घेतलं आणि भरलेली गुंडी ओट्यावर तशीच सोडून ती घरी निघून गेली.